हळदीच्या गाण्याचा हक्क

चिंचणीच्या बाजारात जिग्नेशच्या मोबाइलच्या दुकानात नविनचं हळदीचं गाणं वाजत होतं आणि खुद्द नविन काउंटरवर मुठी आपटत होता. शब्द त्याचे, चाल त्याची, गळाही त्याचाच. आणि जिग्नेश मात्र न विचारता ते मेमरी कार्डात भरून गावभर वाटत होता.

"ही सरळ चोरी आहे, जिग्नेशभाई! कायदा कडक पायजे. कुणी गाणं चोरलं की इंटरनेटवरून व्हिडिओ तिथल्या तिथं गायब!"

"अरे भाय, कार्डात फिरलं म्हणून तर हळदीला तुला बोलावतात," जिग्नेश म्हणाला. "आणि चोर कोण, मागे गाणं वाजताना नुसता बोलणारा कोण, हे व्हिडिओ उडवणाऱ्या मशीनला काय समजणार?"

मासळीची टोपली टेकवून उभी असलेली नविनची बायको सुषमा म्हणाली, "बरोबर बोलतात ते. उगाच लोकांची तोंडं बंद व्हायची."

"तुला यातलं काय कळतं?" नविन म्हणाला. हे वाक्य त्याला फार महागात पडायचं होतं.

इरेला पेटून त्याने ते गाणं मुंबईच्या एका म्युझिक कंपनीला लिहून दिलं. इंटरनेटवर कुठंही वाजलं की कंपनी तो व्हिडिओ उडवणार. जिग्नेशनेही कानाला हात लावले. नविन छाती काढून फिरू लागला.

मग खळ्यावर ट्रक आला. बाया जिथे बोंबील वाळवायच्या, तिथेच कुणाच्या तरी बांधकामाचा राडारोडा ओतायला लागला. सुषमाने मोबाइल काढला, ट्रकचा नंबर दाखवला आणि ड्रायव्हरसमोर उभी राहून कडाडली, "आमच्या पोटावर दगड ओततो काय रे?" शेजारी हळद होती, मागे स्पीकर दणदणत होता. व्हिडिओ तिने इंटरनेटवर टाकला आणि मेमरी भरली म्हणून मोबाइलमधून पुसला. बघता बघता डहाणू-तलासरीपर्यंत तो पोचला. तहसील कचेरीतून निरोप आला, सोमवारी साहेब येतात, पुरावा दाखवा.

साहेब आले. बाया जमल्या. सुषमाने बोट दाबलं आणि पडदा काळा झाला. खाली ओळ होती, गाण्याच्या हक्काच्या तक्रारीवरून व्हिडिओ काढला आहे. त्याखाली गायकाचं नाव होतं. सगळ्या बाया नविनकडे वळल्या.

त्याने घाम पुसत कंपनीला फोन लावला. "मॅडम, गाणं माझंच आहे, बायकोपण माझीच आहे!"

"गाणं आता आमचं आहे," पलीकडून गोड आवाज आला. "अर्ज करा, महिनाभरात बघू."

नविन पळत जिग्नेशकडे गेला. "भाई, तू व्हिडिओ कार्डात भरला असशील ना? एक कॉपी मारून दे, पाया पडतो."

जिग्नेशचा चेहरा उतरला. "भरला होता रे. पण मागे तुझं गाणं होतं ना. तू भांडशील म्हणून डिलीट मारला."

साहेब हळहळले. नुसत्या तोंडी सांगण्यावर काही करता येत नाही म्हणाले आणि गाडीत बसले. ट्रक पुन्हा दिसला नाही. दगडांखाली गेलेलं अर्धं खळं तसंच राहिलं.

आता बोटीवरून आला की नविन घमेलं घेऊन खळ्यावर येतो आणि दगड उपसतो. सुषमा शेजारी वाकलेली असते, फारसं बोलत नाही. एकदा सवयीने तो आपलंच गाणं गुणगुणायला लागला. नविनला वाटलं, आता तरी ती हसेल.

सुषमाने मानही वर केली नाही. "हळू," ती म्हणाली. "कंपनीला ऐकू जाईल."

नविनने पुढचं घमेलं भरायला घेतलं.