सासऱ्यांचा ठोकळा

"मामा, डोळे झाकून सोडवतो!"

सुयशने बजाजनगरच्या आपल्या दोन खोल्यांत ही गर्जना केली, तेव्हा स्वयंपाकघरात बट्ट्यांना खरपूस वास सुटला होता. पिशोरहून आलेल्या सासऱ्यांनी, कडुबांनी, जावयाला अजून एकदाही हुशार म्हटलं नव्हतं. कंपनीतून आला की खेळणी घेऊन बसतो, एवढंच त्यांचं मत! आज तो शब्द त्यांच्या तोंडून काढायचाच, असा सुयशचा निश्चय होता.

खेळणं त्यानंच बनवलेलं. पारदर्शक डबी, खाली चार घरं, वर चार. ठोकळे सात, एक घर रिकामं. ठोकळ्यांवर दोन्ही घरच्या माणसांचे फोटो. ठोकळा उचलायचा नाही, फक्त शेजारच्या रिकाम्या घरात सरकवायचा.

"नुसतं सरकवून वीस हजार एकशे साठ मांडण्या होतात, मामा! कुठूनही मूळ जागी आणतो!"

"व्हय? मंग आना. तवर मी जेवायला बसत नाय."

कडुबांनी शोकेसमधून डबी काढून मनसोक्त सरकवली. सुयश भिडला. पाच चेहरे भराभर जागेवर आले. राहिले सासरे आणि बायको, नेमके एकमेकांच्या जागी! एकाला हलवावं, तर पाच जण रुसून उठत.

"बसलंय की चांगलं," सासूबाई लीलाबाई समाधानाने म्हणाल्या.

वरण घट्ट झालं. बट्ट्या दगड झाल्या.

"आबा, गोळी घ्यायचीय, जेवून घ्या ना!" सरिता काकुळतीला आली.

"शब्द म्हंजी शब्द!"

अचानक सुयश ओरडला, "हे सरकवून होणारच नाही! ठोकळे उचलून ठेवले तर दुप्पट मांडण्या होतात, त्यातल्या निम्म्यांपर्यंत सरकवून पोचताच येत नाही! कुणीतरी दोन ठोकळे उचलून बदललेत!"

"म्या बदलले," लीलाबाई शांतपणे म्हणाल्या. "सकाळी डबी पुसाया घेतली, तर लेक वर अन् बाप तिच्या पायाखाली! शोभतं का? झाकण काढलं, बापाला वर बसवलं."

"बघा मामा! कुणी न सांगता गणितानं ओळखलं!" सुयशची छाती फुगली. आता कडुबा बोलणार!

कडुबांनी डबी ओढली. झाकण काढलं, दोन ठोकळे बदलले, झाकण लावलं.

"झालं. वाढ गं सरिता."

"पण मामा, उचलायचं नसतं..."

"पाव्हणं, झाकण हाय, हात हायत, अन् तुमी सासऱ्याला उपाशी ठिवलं!" कडुबा पाटावर बसत म्हणाले. "आपल्या घरात हुशार म्हनाल तर सरिताची आई!"