विभागप्रमुख आत आहेत

विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाची कडी अडकली ती नेमकी विभागप्रमुख आत असताना. अडकावी तरी कधी? त्यांच्या विद्यार्थिनीची तोंडी परीक्षा तोंडावर आलेली. पाच वर्षं जीव जाळून पोरीने प्रबंध लिहिला होता, सरकारी विद्यापीठांची रचना आणि त्यांची कामगिरी या विषयावर. आज पदवी पक्की झाली तर नोकरी हातात, नाहीतर ती जागा दुसऱ्याला. परगावचे परीक्षक संध्याकाळच्या गाडीने परतणार, आणि मार्गदर्शक हजर नसले तर परीक्षाच होत नाही. मार्गदर्शक कोण, तर हेच आत अडकलेले महाशय.

ती धावत सुताराकडे गेली. तो म्हणाला, देखभाल विभागाचा हुकूम आणा. देखभालवाल्यांनी कुलसचिवांच्या कार्यालयाकडे बोट दाखवलं. तिथल्या बाईंनी सावकाश चष्मा पुसला आणि सांगितलं, की विभागातल्या दाराला हात लावायचा तर विभागप्रमुखांनी समोर येऊन सही करायला हवी.

"अहो, तेच तर आत अडकलेत," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मग बाहेर आले की पाठवा."

यात बाईंचा काय दोष? कामाला शिस्त लागावी म्हणून हा नियम सरांनीच हट्टाने करून घेतला होता. असल्या रचनेनेच कामं रखडतात, हा पोरीचा निष्कर्ष तर त्यांच्या डोक्यातच गेला होता. परीक्षेत मी याला विरोध करणार, असं त्यांनी तिला बजावून ठेवलं होतं.

शेवटी परीक्षकच खुर्ची घेऊन दाराशी येऊन बसले. मार्गदर्शक दाराआड का होईना, हजर आहेत, असं म्हणून त्यांनी परीक्षा सुरू केली. सुतारही हत्यारांची पिशवी घेऊन गंमत बघायला आला. पोरीने चाचरत का होईना, सगळी उत्तरं दिली.

"मार्गदर्शकांचा निष्कर्षावर काही आक्षेप?" परीक्षकांनी दाराकडे वळून विचारलं.

पोरीने डोळे मिटून घेतले. आतून कडी एकदा जोरात खडखडली, पण हलली नाही.

"काही नाही," आतून थकलेला आवाज आला. "शब्दन् शब्द खरा आहे. आता कुणाला न विचारता दार तोडा."

परीक्षकांनी तिला डॉक्टर म्हणून हाक मारली तेव्हा तिला हुंदकाच फुटला. सुताराने तेवढ्यात दोन घाव घातले आणि दार मोकळं केलं.

सर घामाघूम होऊन बाहेर आले. शर्ट नीट खोचला, मोडक्या दाराकडे पाहिलं आणि मग सुताराकडे.

"हे कुणाच्या परवानगीने तोडलंस?"

परीक्षक उठता उठता पुन्हा खुर्चीत बसले.

"डॉक्टर," ते पोरीला म्हणाले, "प्रबंधाचं पुस्तक काढाल तेव्हा एवढं त्यात घाला."