छे सरांपुढे वाकताना

हृषिकेश गोडबोले शनिवारी सकाळी बायकोला डबा द्यायला निघाला आणि तिथूनच सगळं बिघडलं. डबा ती विसरली नव्हती. ती मुळात डबा नेतच नसे, कारण शाळेत तिला जेवण मिळायचं. नेमकं हेच हृषिकेशच्या पोटात दुखत होतं.

त्याची बायको शमिका हॅनोव्हरमधल्या कोरियन शाळेत इंग्रजी शिकवायची. शाळा फक्त शनिवारी, एका जर्मन शाळेचे वर्ग भाड्याने घेऊन भरायची. मुलांचे आईबाप कंपनीच्या कामावर आलेले. चार वर्षांनी परत जाताना मुलांचं कोरियन गंजलेलं नसावं आणि इंग्रजी मागे पडलेलं नसावं, एवढ्यासाठी हा खटाटोप. मुलं आपसांत जर्मन बोलत, मोठ्यांशी कोरियन, आणि शमिकाशी सदाशिव पेठेच्या वळणाचं इंग्रजी. नवऱ्याच्या व्हिसावर आलेली ही एम.ए. बाई दीड वर्ष घरात बसून कंटाळली होती. नोकरी लागली तेव्हा हृषिकेशने ऑफिसात पेढे वाटले होते. (मिल्क पावडरचे, पण वाटले.)

मग घरात मिस्टर छे शिरले. छे हे मुख्याध्यापकांचं आडनाव. त्यामुळे नवराबायकोचं बोलणं असं होऊ लागलं:

"उशीर झाला आज?"

"छे सरांनी थांबवलं."

"काही काम होतं?"

"छे."

"म्हणजे नव्हतं, की त्यांचं होतं?"

मुलं तिला कमरेत वाकून नमस्कार करतात. छे सर तिच्यासाठी दार उघडून धरतात. छे सरांनी घरची किमची दिली. ही तिखट, आंबवलेली कोबी बरणीत बसून फ्रीजमधल्या दह्याला, दुधाला आणि बर्फालासुद्धा आपला वास लावत होती. हृषिकेश फ्रीज उघडायचा आणि त्याला वाटायचं, आत छे सरच उभे आहेत.

"वय काय असेल गं त्यांचं?" त्याने एकदा पेपरात तोंड घालून विचारलं.

"चाळीस-बेचाळीस. पण केस काय दाट आहेत."

हृषिकेशचा हात आपोआप डोक्यावर गेला. तिथे हाताला अडवणारं फारसं काही नव्हतं.

तेव्हा त्या शनिवारी, ती गेल्यावर, त्याने साबुदाण्याची खिचडी करायला घेतली. किमचीला उत्तर म्हणून. साबुदाण्याने कढईत अशी काही एकी दाखवली की खिचडी सुरीने कापून डब्यात भरावी लागली. इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन तो ट्रामने शाळेत पोचला.

त्या दिवशी पालकांसमोर शमिकाचा खुला तास होता, हे त्याला ठाऊक नव्हतं. तिने गुरुवारी दोनदा सांगितलं होतं, पण तेव्हा तो छे सरांच्या केसांचा विचार करत होता. एका पालक बाईंचं म्हणणं होतं की इंग्रजीला जन्मापासून इंग्रजी बोलणारीच शिक्षिका हवी. छे सरांनी शमिकाची बाजू लावून धरली होती, आणि पुढच्या वर्षीचं कंत्राट या तासावर ठरणार होतं.

व्हरांड्यात टाय लावलेला एक देखणा गृहस्थ उभा होता. केसांवरून ओळख पटली.

"आपण शमिका टीचरचे मिस्टर ना?" त्याने इंग्रजीत विचारलं आणि अदबीने वाकून नमस्कार केला.

हृषिकेशने ठरवलं, इथे कमी पडायचं नाही. तो आणखी वाकला. यजमान पाहुण्याच्या मागे कसा राहणार? छे सर त्याहून वाकले. मग हृषिकेश डब्यासकट थेट काटकोनात गेला, आणि त्याच्या कमरेत एक सणसणीत कळ आली.

उसण भरली. वर येता येईना.

पाहुणा वाकलेला असताना आपण उभं राहणं छे सरांना बरं दिसेना. तेही वाकलेलेच राहिले. तेवढ्यात वर्गातून मुलं बाहेर आली. सर वाकलेत म्हटल्यावर मुलं वाकली. तासाला आलेले पालक जिन्यावरून पोचले, तेही वाकले. सगळा व्हरांडा चिडीचूप वाकून उभा होता आणि कुणासाठी हे कुणालाच माहीत नव्हतं.

मुलं कुठे गेली ते बघायला शमिका बाहेर आली.

"हृषी, काय पडलंय तुझं?"

"उसण भरलीय," तो फरशीला म्हणाला.

"पण तू इथे कशाला आलास?"

"डबा."

"मी डबा नेत नाही."

"म्हणूनच."

छे सर आणि शमिकाने दोन बाजूंनी धरून, एखादं टेबल हलवावं तसं त्याला अलगद उचललं आणि वर्गाच्या मागे व्यायामाच्या गादीवर आडवं केलं. मग छे सरांनी स्वतःच्या हाताने त्याचा शर्ट वर करून कमरेला औषधी पट्टी चिकटवली. ज्याच्यावर जळायचं त्यानेच गार पट्टी लावावी, ही वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

पालक बसले होते. तास थांबवणं शक्य नव्हतं. शमिकाने कुटुंबाचं चित्र फळ्यावर लावायला काढलं होतं. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि चित्र परत ठेवून दिलं.

"व्हॉट इज ही डुइंग?"

"ही इज लाइंग ऑन द प्लोअर," वर्ग म्हणाला.

"फ्लोअर. इज ही हॅपी?"

"नो. ही इज अँग्री," एक मुलगा म्हणाला.

पुढच्या बाकावरच्या दोन शेंड्या बांधलेल्या मुलीने हात वर केला. "ही इज लुकिंग अॅट मिस्टर छे."

"व्हाय?"

"बिकॉज मिस्टर छे हॅज हेअर."

पालक खो खो हसले. त्या हरकतवाल्या बाईही. त्यानंतर एक लाजाळू मुलगा उभा राहिला आणि एका शब्दावर अडला. शमिका थांबली. तिने शब्द पुरवला नाही, घड्याळ पाहिलं नाही; सगळा चेहरा त्याच्याकडे लावून ती नुसती थांबून राहिली. मुलाला शब्द सापडला तेव्हा ती अशी हसली की हृषिकेश कमरेची कळ विसरला. आपल्या वाट्याला हे हसू शेवटचं कधी आलं होतं? आणि आपण तरी तिला काय विचारत होतो? आठवडेच्या आठवडे छे सरांचं वय. ती वर्गात काय शिकवते, हे एकदाही नाही. छे सर बाजूलाच राहिले. त्याला त्या लाजाळू मुलाचाच हेवा वाटला.

तास संपल्यावर हरकतवाल्या बाई गादीपाशी येऊन त्याला वाकून नमस्कार करून गेल्या. पत्नीच्या शाळेला इतका मान देणारा नवरा त्यांनी पाहिला नव्हता म्हणे. कंत्राट वाढलं. छे सरांनी दोघांना आपल्या गाडीतून घरी सोडलं, आणि निघण्याआधी ती खिचडी दोनदा मागून खाल्ली. त्यांच्याकडेही तांदळाचा असाच चिकट पदार्थ असतो, म्हणाले.

मागच्या सीटवर आडवा पडून हृषिकेशने विचारलं, "तो मुलगा कुठल्या शब्दावर अडला होता गं?"

शमिकाने वळून पाहिलं. "तुला खरंच ऐकायचंय?"

"हो."

घर येईपर्यंत ती बोलत होती.

पुढच्या शनिवारी ती शाळेतून आली ती हसतच. "पालकांची विनंती आहे. मुलं शाळेत वाकतात, पण बाहेर मोठ्यांना लांबूनच जर्मन 'हालो' म्हणतात. त्यांना तू आदराने वाकायला शिकवावंस."

हृषिकेशने आरशासमोर जाऊन असतील तेवढे केस सारखे केले. "छे सर काय म्हणाले?"

"त्यांना एकदम पसंत. मीच नको म्हटलं."

"का?"

"म्हटलं, वाकायला तो एकटा पुरतो. सरळ करायला दोन माणसं लागतात."