खडूची केबिन

मिस्त्रींनी हॉलमधला सोफा भिंतीला लोटला, सतरंजी गुंडाळून कोपऱ्यात उभी केली आणि कोब्याच्या जमिनीवर गुडघे टेकून खडूने पहिली रेघ ओढली. रेघ सरळ आली. मिस्त्रींची रेघ नेहमीच सरळ येई. उभ्या आयुष्यात त्यांचं माप एका सुतानेही चुकलेलं नव्हतं, आणि सूत म्हणजे इंचाचा जेमतेम आठवा भाग. आज मात्र त्यांना चांगलं दोन फुटांनी चुकायचं होतं.

कारण घरात नदी शिरली होती.

ती बायकोने आणली. बायको पडदे शिवायची. एका प्रवास कंपनीच्या कचेरीत ती खिडकीचं माप घ्यायला गेली आणि खिडकी सोडून भिंतीवरच्या चित्रासमोरच उभी राहिली. दोन्ही बाजूंना ढगात घुसलेले उभे कडे, मधून सुईतल्या दोऱ्यासारखी नदी, आणि त्या दोऱ्यावर एक पांढरी बोट. चार दिवस त्या घळींमधून बोट जाते. बोटीतच राहायचं, बोटीतच झोपायचं. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला मिस्त्रींनी पाहुण्यांसमोर छाती फुगवून विचारलं, "बोल, काय हवं तुला?" त्यांच्या डोक्यात मिक्सर होता. तिने माहितीपत्रक पुढे केलं.

मिस्त्रींचं नदीशी वैर नव्हतं. नदीने नदीच्या जागी राहावं आणि आपण आपल्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. स्वतःच्या उशीशिवाय त्यांना झोप लागत नसे आणि लाकडाच्या भुशाच्या वासाशिवाय नीट जाग येत नसे. पण चारचौघांत दिलेला शब्द गिळायचा कसा? नकार आपल्या तोंडून जाता कामा नये. तो घरच्यांच्याच तोंडून यायला हवा.

उपाय त्यांच्या धंद्यातच होता. कपाट असो की स्वयंपाकघराचा ओटा, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन ते आधी जमिनीवर खडूने पूर्ण आकाराचं चित्र काढत आणि दोन दिवस त्याच्याभोवती वावरायला लावत. "कागद खोटं बोलतो, जमीन बोलत नाही," हे त्यांचं वाक्य गावभर ठाऊक होतं.

"चौघं एका केबिनमध्ये राहणार," त्यांनी घरी जाहीर केलं. "तू, मी, आई आणि पोरगी. आधी इथे राहून बघू. रविवारी कंपनीच्या मॅडम उत्तर घ्यायला येणार आहेत. जमलं तर हो म्हणू, नाही जमलं तर..." त्यांनी इथे एक सुस्कारा टाकला. तो चांगला जमला.

माहितीपत्रकातल्या मापातून त्यांनी लांबीत दोन फूट कापले आणि रुंदीत एक. कापताना त्यांनी खडू दोनदा खाली ठेवला. एवढी वर्षं इमानाने वागलेला हात होता तो.

दुपारपर्यंत केबिन तयार झाली. खाली बुटक्या चौकटींवर दोन गाद्या, वरच्या बर्थसाठी लाकडी घोड्यांवर टाकलेल्या दोन फळ्या, कोपऱ्यात न्हाणीघराचा चौकोन, एक दार आणि भिंतीलगत लांबट खिडकी. नियम एकच होता: ये-जा दारातूनच. रेघ म्हणजे भिंत, आणि भिंतीपलीकडे पाणी.

पहिला दिवस मिस्त्रींच्या मनासारखा गेला. मुलगी वरच्या फळीवरून उतरताना आजीच्या वेणीवर पाय देऊन आली. बायको आणि आई एकाच वेळी वळल्या आणि एकमेकींच्या कोपरांना भेटल्या. न्हाणीघराचं दार उघडलं की एकाला गादीवर चढावं लागे, आणि गादीवर बहुधा कुणीतरी असेच.

"बाबा, ही केबिन आहे की काड्यापेटी?" मुलगी म्हणाली.

"मी कुठे काय म्हणतोय?" मिस्त्री म्हणाले. "जमीन म्हणतेय."

"आणि माझी पेटी कुठे ठेवायची?" आईने विचारलं. आईची पेटी म्हणजे लोखंडी ट्रंक होती. तिला कड्या होत्या आणि ती उचलायला दोन माणसं लागत.

"तेच तर, आई! जागाच नाही ना." मिस्त्रींनी अशा आवाजात सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटावं, घरात कुणी आजारी आहे.

 तोंडात दोन टाचण्या धरून बायको खिडकीच्या रेघेवर टेप लावत होती.

"खडूच्या खिडकीला पडदा शिवतेस?"

"खऱ्या खिडकीला," टाचण्यांमधून उत्तर आलं. "माप इथे घेतेय. तुमची जमीन खोटं बोलत नाही ना?"

"छे," मिस्त्री म्हणाले, आणि वर्कशॉपकडे निघाले. जाताना ते भिंतीतून गेले. आईने मागून हाक मारली, "अरे बुडशील!"

खरी पंचाईत आईमुळेच झाली. नातीला जो खेळ वाटत होता तो आईने अंगाला लावून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाला नेहमीप्रमाणे हॉलमध्ये आला, तर आई गादीवरून ओरडली, "अरे बाबा, पाण्यात उभा आहेस! दारातून ये." दूधवाला बिचारा चपला हातात घेऊन दोन पावलं मागे सरला, मग दारातून आत आला आणि जाताना विचारून गेला की उद्या बोट इथेच असेल ना. वर्तमानपत्र रेघेबाहेर पडलं, तर आईने ते उचलू दिलं नाही. म्हणाली, "वाहून गेलं. जाऊ दे. चार दिवस बातम्या नाहीत तेच बरं."

आणि संध्याकाळी तिने ट्रंक आपण होऊन रिकामी केली. "कापडी पिशवीत मावतं की सगळं," ती म्हणाली. "ट्रंकेत नुसत्या जुन्या उशांच्या खोळी होत्या. कशाला नेत होते मी, देव जाणे."

मिस्त्रींनी रिकाम्या ट्रंकेत दोनदा डोकावून पाहिलं. त्यात बायकोने भिंतीला टांगायची एक कापडी लांब पट्टी शिवून आणली. तिला खिशांच्या रांगा होत्या. चष्मे, कंगवे, औषधं, सगळं तिच्यात गेलं. मुलीने शोध लावला की दोघांनी फळीवर पाय सोडून बसलं की खालच्या दोघींना उभं राहायला ऐसपैस जागा होते. कोपरं एकमेकांना ओळखू लागली.

पण सगळ्यात मोठा दगा मिस्त्रींना स्वतःच्या हातांनी दिला. अपुरी जागा दिसली की त्या हातांना खाज सुटे. तिसऱ्या दिवशी ते दुपारच्या जेवणानंतर केबिनमध्ये नुसतेच बसले होते. गादीखालची जागा फुकट जातेय, असं त्यांच्या मनात आलं. मग त्यांनी स्वतःला बजावलं, की जाऊ दे फुकट. चहापर्यंत त्यांनी खालच्या गाद्यांसाठी चाकांचे दोन खण ठोकले होते आणि भिंतीला बिजागरीवर उघडणारं इवलंसं टेबल लावलं होतं.

"अहो!" बायको थक्क होऊन म्हणाली. "आता तर नाचायला जागा झाली."

"तेवढी काही नाही झाली," मिस्त्री घाईघाईने म्हणाले.

"बाबा, तुम्ही जीनियस आहात," मुलगी म्हणाली. मिस्त्रींना आयुष्यात कौतुक इतकं कडू कधी लागलं नव्हतं.

शनिवारी सकाळी त्यांच्या हातात एकच हुकमाचं पान उरलं होतं. ते पान म्हणजे मेहुणा.

बायकोचा हा धाकटा भाऊ पलीकडच्या गल्लीत राही. सभासमारंभांना लाउडस्पीकर भाड्याने देणं हा त्याचा धंदा. स्वतः मात्र तो त्याच्याशिवायच बोले आणि तरी दोन गल्ल्यांना ऐकू जाई. मिस्त्री मनातल्या मनात त्याला भोंगा म्हणत. सहलीचं कळल्या दिवशीच तो धावत आला होता, "भाऊजी, मीही येतो!" आणि मिस्त्रींनी मोठ्या समाधानाने सांगितलं होतं, "केबिन चौघांची आहे रे." या सबंध प्रकरणातलं तेवढंच एक सुख त्यांना लाभलं होतं.

आता त्यांनी त्यालाच निरोप धाडला. त्यांचा हिशेब सरळ होता. चौघांच्या काड्यापेटीत पाचवी काडी, आणि तीही पेटलेली, घातली की भडका उडणारच. रात्रभरात आईला घोरणं असह्य होईल, मुलगी रडकुंडीला येईल, बायको कपाळाला हात लावेल. आणि सकाळी मॅडम येतील तेव्हा तिघी एका सुरात म्हणतील, नको ती बोट.

"भाऊजी, तुम्ही मला बोलावलंत?" मेहुणा दारातच गहिवरला. शेजारच्या घरातली खिडकी धाडकन बंद झाली. "ताई, ऐकलंस का? भाऊजींनी स्वतः बोलावलंय मला!"

"ऐकलं," बायको म्हणाली. तिने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि भावासाठी चादर काढली.

मेहुण्याला दोन गाद्यांच्या मधल्या फटीत जागा मिळाली. तो कुशीवर असला की तीत मावे, उताणा झाला की मावत नसे. आणि इथेच गणित फिरलं. मेहुणा उताणा झोपला तरच घोरत असे. जन्मात पहिल्यांदा तो रात्रभर कुशीवर राहिला आणि मांजराच्या पिल्लासारखा निजला. संध्याकाळी तो आईशी पत्ते खेळून मुद्दाम सगळे डाव हरला होता. मुलीला त्याने बोटीच्या भोंग्याचा आवाज काढून दाखवला, तो इतका हुबेहूब होता की वरच्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर काय झालं ते बघायला खाली आले आणि सोफ्याला डेक समजून तासभर बसून गेले. जाताना म्हणाले, "रेल्वेत उगाच गेलो."

रात्रभर एकट्या मिस्त्रींनाच झोप लागली नाही.

रविवारी सकाळी कंपनीच्या मॅडम आल्या तेव्हा पाचही जण रेघांच्या आत चहा पीत होते. मॅडम उंबऱ्यावरच थबकल्या.

"दारातून या," आई म्हणाली. "तिकडून नको, खोल आहे."

मॅडम मुकाट्याने दारातून आत आल्या. त्यांना टेबल दाखवण्यात आलं, खण दाखवण्यात आले, खिशांची पट्टी दाखवण्यात आली. त्या प्रत्येक गोष्टीला "अय्या!" म्हणत होत्या. मग त्यांच्या कपाळावर एक आठी चढली. त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत पावलं टाकली.

"पण ही केबिन आमची नाही," त्या म्हणाल्या. "मी तिच्यात कितीदा राहिलेय. आमची याहून मोठी आहे. चांगली दोन फूट तरी. हे माप काढलं कुणी?"

  सगळ्यांचे डोळे मिस्त्रींवर येऊन टेकले.

मिस्त्रींनी कप खाली ठेवला. माप चुकलं म्हणावं, तर उद्या गावात तोंड दाखवायची सोय नाही. दोन फूट चुकणाऱ्या सुताराकडून कोण कपाट करून घेणार? मुद्दाम चुकवलं म्हणावं, तर घरात तोंड दाखवायची सोय नाही. इकडे आड, तिकडे विहीर, आणि चहूबाजूंनी आईची नदी. त्यांचं तोंड उघडलं. 

"त्यांनी मुद्दामच कमी धरलंय," बायको म्हणाली.

मिस्त्रींनी डोळे मिटले.

"पाण्यात लाकूड फुगतं ना," ती शांतपणे पुढे म्हणाली. "भिंती फुगून आत आल्या तर किती जागा उरेल, तेवढीच त्यांनी आखली. फार पुढचा विचार असतो त्यांचा."

"पण बोट लोखंडाची आहे," मॅडम म्हणाल्या.

"सुतार माणूस. लाकडापलीकडे सुचत नाही त्यांना."

मिस्त्रींनी डोळे उघडले. चोरी झाकली गेली होती, अब्रू राहिली होती. बायकोबद्दल त्यांना इतकी माया दाटून आली की त्या क्षणी ती समुद्रावर चल म्हणाली असती तरी ते निघाले असते.

"कमाल आहे," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे एवढ्याशा जागेत तुम्ही पाच जण राहिलात?"

"आरामात," आई म्हणाली.

"मग प्रश्नच मिटला. ताई, परवा तुम्ही फोनवर विचारत होता ना, पाचवी घडीची खाट टाकता येईल का? एरवी आम्ही नाही म्हणतो, अडचण होते. पण तुम्हाला तर दोन फूट जास्तीच मिळतायत. खाट बरोबर दोन फुटांचीच असते."

"भाऊजी!" मेहुणा ओरडला, आणि त्याने मिस्त्रींना कडकडून मिठी मारली. त्या भरात दोघे भिंतीबाहेर गेले. "बुडाले, बुडाले!" म्हणत नातीने आणि आजीने टाळ्या पिटल्या. वरून स्टेशनमास्तरांनी विचारलं, बोट सुटली का?

दुपारी सगळे पांगले. मिस्त्री ओलं फडकं घेऊन जुन्या रेघा पुसू लागले. बायको पडद्याला शिवण घालत दारात बसली होती.

"परवा फोन केलास?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"हो."

"म्हणजे तुला कधीपासून...?"

"खिडकी मोजली तेव्हापासून." तिने दाताने दोरा तोडला. "मलाही माप येतं, अहो. पत्रकात लिहिलेली खिडकी तुमच्या खिडकीपेक्षा मोठी होती. म्हटलं, कापलंय ते कापू दे. कापड उरलं की त्यातून काहीतरी निघतंच."

"आणि मला बोलली नाहीस?"

"तुम्ही बोललात का, यायचं नाही म्हणून?"

 मिस्त्रींनी फडकं पिळलं.

"उशी घ्या तुमची बरोबर," ती जरा मऊ आवाजात म्हणाली. "खण केलाय ना तुम्हीच, त्यात बसेल. आणि खिडकीजवळची जागा तुमची. त्या कड्यांच्या मधे बोट शिरते ना, तेव्हा सगळे गप्प होतात म्हणे."

"तुझा भाऊपण?"

"बघूया."

मिस्त्रींनी नवा खडू घेतला. या वेळी केबिन खऱ्या मापाने आखली. एक सूत इकडे नाही, एक सूत तिकडे नाही. रेघा बघून त्यांना स्वतःलाच बरं वाटलं. लाकूड नसलं तरी काम चोख होतं. शेवटी राहिली मेहुण्याची खाट. तिची रेघ ओढताना हात किंचित आखडला, जेमतेम चार बोटं.

मागे दारातून टेप खर्रकन उघडल्याचा आवाज आला.

रेघ मुकाट्याने चार बोटं पुढे सरकली.