लंगडीचा ठेका

छायाचं गुरुवारचं मौन दिवेलागणीला सुटायचं होतं आणि तिच्या नवऱ्यानं, रामदासनं, भर दुपारीच घर डोक्यावर घेतलं.

"लंगडीला हात कोणी लावला?"

लंगडी म्हणजे घरामागच्या शेडमधला त्यांचा शेवटचा माग. पांडेसऱ्यात सगळीकडे नव्या मशिनी आल्या. उद्या सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो लंगडीला न्यायला येणार होता. म्हणून तर रामदासचा जुना दोस्त नितीन आजच कतारगामहून गिटार, स्पीकर आणि रेकॉर्डिंगची पेटी घेऊन धावत आला होता.

तरुणपणी या दोघांनी याच शेडमध्ये एक कॅसेट केली होती, 'गरम लोखंड' नावाची. दणदणीत रॉक, आणि गाणी सगळी मराठी. ड्रमवाला परवडेना, तेव्हा ताल लंगडीनं धरला. सूत घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या तिच्या धोट्याला फटका देणारा चामडी पट्टा झिजलेला. त्यामुळे दोन फटके सरळ आणि तिसऱ्याला ती पाय ओढायची. खट् खट् ख...टाक्! नितीननं स्पीकरच्या पडद्याला ब्लेडनं चिरा पाडल्या, तशी गिटार वाघासारखी गुरगुरायला लागली. आवाज घुमावा म्हणून तो रंगाच्या रिकाम्या पिंपात डोकं घालून गायला. पुढं आठवडाभर कान निळे घेऊन फिरत होता. कॅसेटच्या वेष्टनावर छापलं होतं : 'ताल – लंगडी'. उरलेली एकुलती एक कॅसेट यंदा टेपनं चावून टाकली. आता लंगडी जायच्या आत गाणी परत भरून घ्यायची, एवढाच दोघांचा हट्ट होता.

आणि हात लावला होता छायानं.

ज्या लंगडीनं घराला जन्मभर जेवू घातलं, ती दारातून पाय ओढत जाणार, हे तिला बघवेना. सासरी निघालेल्या लेकीला कोणी तुटक्या चपलेनं पाठवतं का? सकाळी मौन धरायच्या आधीच तिनं उखा फिटरकडून नवा पट्टा बसवून घेतला, तेलपाणी करवलं, हळदकुंकू वाहिलं.

आता लंगडी खट् खट् खट् खट् चालत होती, निवृत्त हवालदारासारखी.

"अरे, ही तर प्रभातफेरीला निघाली!" नितीन कळवळला.

"छाया, कोण आलं होतं इथं?"

छायानं स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"छातीत दुखतंय?" रामदास दचकला.

तिनं जोरात मान हलवली. मागाकडे बोट दाखवलं, फाटकाकडे दाखवलं, मग हळदकुंकवाकडे दाखवून हात जोडले.

"देवानं केलं म्हणतायत वहिनी," नितीननं अर्थ लावला.

लिहून सांगायचं तर लिहिणं म्हणजेही बोलणंच, असा तिचा नेम. शिवाय छाया मुळातच मऊ. भजनी मंडळात सरलाबेननं 'तुमचा ताल चुकतो' म्हणून तिच्या हातातले टाळ काढून घेतले, तेव्हा तर मौनही नव्हतं. तरी ती काही बोलली नव्हती.

शेवटी उखालाच बोलावलं.

"मन्ही काय चूक? वहिनीनी सांगं, मी बसाडी दिना."

"मग जुना पट्टा दे!"

"तो निर्माल्यसंगे तापीमा सोडी उनू ना भो. वहिनीनीच सांगं व्हतं."

रामदासनं बायकोकडे पाहिलं. बायकोनं देव्हाऱ्याकडे.

"नवाच ढिला कर मग!"

उखानं ढिला केला. लंगडी एकदा खोकली आणि धोटा जो सुटला, तो थेट नितीनच्या स्पीकरमध्ये घुसला. गिटार पूर्वीपेक्षा झकास गुरगुरली. पण त्या झटक्यात मागाचा दांडा मोडला होता. लंगडी कायमची गप्प झाली.

रामदास पिंपावर बसला. "राहू दे, नितीन. लंगडीच्याच मनात नव्हतं."

"भो, तिच्याशिवाय गाणं म्हणजे नुसता आरडाओरडा रे," नितीन म्हणाला, आणि गिटार गवसणीत घालायला लागला.

दिवस कलला. छायानं डोळे पुसून दिवा लावला, घरचे टाळ घेतले आणि हलक्या आवाजात आरती धरली.

खट् खट् ख...टाक्!

नितीनचा हात थबकला. "रामदास, लंगडी चालू झाली?"

दोघंही देव्हाऱ्याशी धावले. छाया डोळे मिटून टाळ वाजवत होती : दोन सरळ, तिसरा पाय ओढत. नितीननं काही न विचारता पेटी सुरू केली, स्पीकर आणि पिंप ओढत आणले, पिंपात डोकं घातलं. चिरफाळलेल्या स्पीकरमधून गिटार गुरगुरली. देवाच्या तसबिरी थरथरल्या, पण एकही पडली नाही.

गाणं संपलं तेव्हा रामदासचा आवाज बसला होता आणि तो तर गायलाही नव्हता.

"हा ठेका कुठं शिकलीस गं?"

"शिकते कुठली?" मौन सुटलेली छाया म्हणाली. "भिंतीच्या अलीकडे माझा देव, पलीकडे तुमची लंगडी. आरती तिच्याच तालावर बसली. आणि हो, पट्टा मीच बदलायला लावला."

"ते कळलं!"

नितीन नव्या वेष्टनासाठी नावं लिहायला बसला. "ताल : सौ. छाया..."

"इश्श, माझं नको." छायानं टाळ देव्हाऱ्यात ठेवले. "तिचंच लिहा. नाव गुरूचं लावायचं असतं. आणि एक प्रत सरलाबेनना पाठवा."