शिळा समुद्र

आप्पा खैरनारांच्या संडासात समुद्र आहे. हे मी थट्टेने म्हणत नाही. त्यांच्याकडे पहिल्यांदा आलेला पाहुणा त्या दिशेने निघाला की आप्पा लगबगीने मागे जातात आणि दाराबाहेरून सूचना देतात, "बटन दाबू नका हां. बादलीतलं टाका. समुद्राचं हाय." पाहुणा बिचारा ज्या कामासाठी आत गेला ते विसरून बादलीकडे बघत राहतो. तेवढ्यात बाहेरून पुन्हा आवाज येतो, "बेताने टाका, परवापर्यंत पुरवायचंय."

नाशिकला नदी आहे, धरणं आहेत, द्राक्षाच्या बागा आहेत. समुद्र तेवढा घाट उतरल्याशिवाय नाही. तरीही पाथर्डी फाट्याकडच्या आमच्या सोसायटीत, तळमजल्यावर, आप्पांच्या बाहेरच्या खोलीत तो चार वर्षं आहे. काचेच्या टाकीत. त्यात बोटाएवढा एक केशरी मासा, अंगावर पांढरे पट्टे. आप्पांनी त्याचं नाव ओव्हरसियर ठेवलंय. "दिवसभर इकडून तिकडं फिरतो, काम काय करत नाय," असं त्यामागचं कारण. आप्पा पाणीपुरवठ्यात व्हॉल्व्हमन होते, त्यामुळे ओव्हरसियर या प्राण्याचा त्यांचा अभ्यास जुना.

मासा त्यांचा नव्हे. वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं भाड्याने राहत होतं, दोघंही कॉम्प्युटरवाले. त्यांची बंगळुरूला बदली झाली. सामानाच्या ट्रकमध्ये टाकी फुटेल म्हणून "काका, फक्त आठ दिवस" असं सांगून ती आप्पांकडे ठेवून गेले. आधी फोन यायचे, मग मेसेज, मग नंबर लागेनासा झाला. माझी बायको सुषमा म्हणाली, "आप्पा, गोदावरीत सोडून द्या आणि मोकळे व्हा." आप्पा तिच्याकडे असे बघत राहिले की जणू तिने त्यांनाच सोडून यायला सांगितलंय. "वहिनी, गोड्या पाण्यात मरंल तो. नदी नाय चालत, विहीर नाय चालत, धरण नाय चालत. मग जाईल कुठं?"

जाईल कुठं? हा आप्पांचा सवाल. कुणी प्लॅस्टिकची पिशवी कचऱ्यात टाकली, की जाईल कुठं? आमचे चेअरमन बोरसे एकदा रागाच्या भरात म्हणाले, "मी राजीनामा देतो." त्यावर आप्पांनी शांतपणे विचारलं, "देऊन जाल कुठं?" बोरसे अजून चेअरमन आहेत.

पण आप्पांचा खरा जीव अडकायचा पाण्यात. ते मूळचे नांदगावकडचे. "आमच्याकडं एका पाण्याचे तीन जन्म व्हायचे, मास्तर," ते मला सांगायचे. "आधी भाजी धुवायची, मग त्यातच भांडी विसळायची, मग म्हशीपुढं ठेवायचं. म्हैस नाय पिली तर झाडाला." पुढे नोकरीत तीस वर्षं पहाटे उठून त्यांनी गल्लोगल्ली पाणी सोडलं. अशा माणसाच्या गळ्यात पडलं काय, तर कुणालाच देता येत नाही असं पाणी. माणूस पीत नाही, म्हैस पीत नाही, झाडाला घालावं तर झाड मरतं. आणि ते दर रविवारी कॅनभर निघतं. कारण टाकीतलं थोडं पाणी दर आठवड्याला काढून त्याजागी नवं घालावं लागतं. मिठाची पुडी कालवून आप्पा बादलीत जे तयार करतात तो ताजा समुद्र. टाकीतून काढतात तो शिळा समुद्र.

या शिळ्या समुद्राचं काय काय केलं नाही त्यांनी! पार्किंगच्या फरश्यांच्या फटीत गवत उगवायचं, तिथे चहाच्या जुन्या किटलीने एकेक धार सोडली. गवत गेलं. मागच्या पायऱ्यांवरचं शेवाळ त्याच पाण्याने घासलं. तरी उरायचंच. मग उन्हाळ्यात गच्चीवर बायका कुरडया वाळत घालायच्या, त्यांच्या शेजारी आप्पा परातींत समुद्र वाळत घालायला लागले. एक कावळा आला, चोच बुडवली, आणि मग कठड्यावर बसून बराच वेळ आप्पांकडे बघून ओरडत होता. "शिव्या देतोय," आप्पा म्हणाले, "देऊ दे, त्याचं बरोबर हाय."

परातीत उरायचं ते करड्या रंगाचं मीठ. खायचं नाही, हे आप्पा चारचारदा बजावून सांगायचे. सणाच्या आधी ते घरोघर पुडी द्यायचे आणि सोबत एक लिंबू. देव्हाऱ्यातली पितळेची भांडी लिंबामिठाने घासायची. लिंबू त्यांच्याच झाडाचं. पंपाच्या खोलीशेजारी अकरा वर्षांपूर्वी त्यांनी लावलेलं लिंबाचं झाड आख्ख्या सोसायटीला सरबत पुरवायचं. त्या झाडापासून खाऱ्या पाण्याचे कॅन आप्पा इतके लांब ठेवायचे, जशी रांगत्या पोरापासून आपण विळी ठेवतो.

ते झाड मी मारलं.

हे वाक्य लिहायला मला फार वेळ लागला, म्हणून आधी कावळ्याची गोष्ट सांगत बसलो. मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि सोसायटीचा सेक्रेटरी आहे. बोलणं माझ्याच्याने होत नाही, अक्षर बरं आहे, म्हणून प्रोसिडिंग लिहायला मला बसवलं. रोज संध्याकाळी सहाला मी आप्पांकडे चहाला जातो. ते बोलतात, मी ऐकतो, ओव्हरसियर फिरतो.

गेल्या एप्रिलमध्ये आप्पा पुतणीच्या लग्नाला चार दिवस नांदगावला गेले. किल्ली माझ्याकडे. "सकाळी दोन दाणे टाका, मास्तर. जास्त नको, ओव्हरसियरला काय, दिलं तेवढं खाणारच." मी दाणे टाकायला गेलो तर मागच्या दाराशी चार कॅन भरून ठेवलेले. प्रत्येकावर आप्पांच्या हाताने खडूने लिहिलेलं: शिळं.

आमच्या लहानपणी नळ आला की आई आधी हंड्यातलं कालचं पाणी झाडांना घालायची, मग हंडा घासून ताजं भरायची. "शिळं झाडाला, ताजं हंड्यात," हे मी बाराखडीच्याही आधी शिकलो असेन. त्या दिवशी दोन दिवसांच्या खंडाने नळाला पाणी आलं होतं. आप्पा घरी नाहीत, ऊन हे असं, झाड तहानलेलं. चारही कॅन मी एकेक करून उचलून नेले आणि लिंबाच्या बुंध्याशी रिकामे केले. किंचित वास आला. शिळ्याला वास येणारच, म्हटलं; समुद्र डोक्यातही आला नाही. मग कॅन स्वच्छ धुतले आणि पालथे घालून ठेवले. वर गेल्यावर सुषमाला म्हणालोसुद्धा, "आप्पा खूश होतील."

आप्पा आले तोवर पानं मिटायला लागली होती. त्यांनी मागचं दार उघडलं, पालथ्या कॅनकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं. मग मला विचारलं, "पाणी आलं होतं का, मास्तर?" मी म्हणालो, "आलं होतं." एवढंच. त्या क्षणी मला कळलं. नववीच्या वर्गात दरवर्षी मी मिठाच्या पाण्यात द्राक्ष ठेवून दाखवतो, ते कसं आक्रसतं ते. माझा हा प्रयोग कधी फसत नाही.

महिन्याभरात झाड वाळून कोळ झालं. मीटिंग बसली. बोरशांना प्रत्येक गोष्टीत पॉइंट सापडतात. "पॉइंट नंबर एक, झाड वाळलं. पॉइंट नंबर दोन, बुंध्याशी मिठाचा थर आहे. पॉइंट नंबर तीन, खारं पाणी सोसायटीत कुणाचं?"

"माझं," आप्पा म्हणाले.

"पॉइंट संपले," बोरसे म्हणाले.

मागून कुणीतरी म्हणालं, "स्वतः लावलेलं झाड स्वतःच मारलं, कमाल आहे." आप्पा हसले. ठराव झाला: गच्चीवर पाणी वाळवणं बंद, आणि दिवाळीच्या आत टाकी सोसायटीबाहेर. तो ठराव मी लिहिला. माझ्या त्या चांगल्या अक्षरात. 'आप्पा खैरनार यांच्या निष्काळजीपणामुळे' हे शब्द लिहिताना पेन कुठे अडखळलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं.

त्यानंतर आप्पांनी शिळा समुद्र घरातच जिरवायला सुरुवात केली. संडासातली बादली ती तेव्हाची. आणि एक नवीनच वेड लागलं. रोज सकाळी ते वाळलेल्या झाडाच्या बुडाशी दोन बादल्या पाणी ओतायचे, चांगलं पिण्याचं पाणी. पाण्याचा थेंब न सांडणारा माणूस मेलेल्या झाडाला पाणी घालतोय! "आप्पांचं डोकं फिरलं," लोक म्हणाले. मी खिडकीतून बघायचो आणि आत सरकायचो.

तरी सहाला चहाला जायचो. रोज ठरवून जायचो की आज सांगायचं. आप्पा आल्याचा चहा पुढे करायचे, म्हणायचे, "आज ओव्हरसियर नाराज हाय, बदली होणार ना त्याची." मी चहा प्यायचो आणि परत यायचो. सहा महिने.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आप्पांनी विचारलं, "मास्तर, रविवारी रिकामे आहात का? एक दुकानदार मासा घ्यायला तयार झालाय. स्कूटरवर डबा हिंदकळंल. मागं बसून धरायला कोणी तरी पाहिजे." त्यांनी मिठाईचा एक प्लॅस्टिकचा डबा काढून ठेवला होता. झाकणाला सुईने नीट, ओळीत भोकं पाडलेली. ती भोकं बघून माझा धीर सुटला.

"आप्पा, झाड मी मारलं."

आप्पा चहा गाळत होते. गाळून झाला. कप माझ्यापुढे ठेवला. "ठाऊक हाय."

"कसं?"

"कॅन धुऊन पालथे घातलेले होते. आपल्या बिल्डिंगीत दुसऱ्याचं भांडं धुऊन ठेवणारा एकच माणूस हाय."

"मग मीटिंगमध्ये बोलला का नाहीत?"

"शिळं मीच लिहिलं होतं ना. समुद्र लिहायला कॅनवर जागा पुरंना. शिळं वाचल्यावर शहाणा माणूस झाडालाच घालणार. तुमचं काय चुकलं?"

"आप्पा, मला वाचवू नका."

 आप्पांनी टाकीच्या काचेवर बोट टेकवलं, तसा मासा बोटाशी आला. "मी नाव घेतलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही सहाला आला असता का? खरं सांगा. नसता आला. तोंड चुकवलं असतं, मागच्या जिन्याने गेला असता. ओळखतो मी तुम्हाला." मग कपाकडे बघत म्हणाले, "झाड दुसरं लावता येतं, मास्तर. चहाला माणूस कुठनं आणू?"

  मी कप उचलला आणि काहीतरी विचारायचं म्हणून विचारलं, "मग त्या मेलेल्या झाडाला रोज पाणी का घालता?"

"झाडाला कोण घालतंय? जमीन धुतोय. मीठ खाली जाऊ द्या. एक पावसाळा झाला, अजून थोडं राहिलंय."

दोन दिवसांनी मी स्वतःच मीटिंग बोलावली. उभा राहिलो आणि सगळं सांगितलं: किल्ली, कॅन, शिळं, धुऊन पालथं घालणं. सभेत एवढं सलग मी पहिल्यांदाच बोललो. बोरसे म्हणाले, "पॉइंट नंबर एक..." आणि तिथेच थांबले. मग हळू आवाजात म्हणाले, "सेक्रेटरी, हे तुमच्याविरुद्ध तुम्हीच लिहायचं का?" मी म्हटलं, "हो." आणि लिहिलं: 'लिंबाचे झाड सचिवांच्या चुकीमुळे वाळले. मागील ठराव रद्द.' मागून आवाज आला, "आणि हे विज्ञान शिकवतात!" सगळे हसले. आप्पाही हसले. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला हसणाऱ्यांची भीती वाटली नाही. ओव्हरसियरची बदली रद्द झाली. भोकं पाडलेल्या त्या डब्यात आता आप्पा लसूण ठेवतात.

आता दर रविवारी टाकीचं पाणी बदलायला मी असतो. आप्पांनी ऑइलपेंटची डबी आणि ब्रश आणून दिला. "अक्षर तुमचं चांगलं. तुम्हीच लिहा." मी पहिल्या कॅनवर 'खारं' लिहिलं. आप्पांनी मान तिरकी करून वाचलं. "नको. तुसडं वाटतं. चार वर्षं आपल्या घरात राहिलेलं पाणी हाय ते." शेवटी बारीक अक्षरात, जागा पुरवून, मी चारही कॅनवर लिहिलं: शिळा समुद्र. झाडाला नाही.

दिवाळी झाल्यावर आप्पांनी जुना बुंधा काढला आणि तिथे लिंबाचं नवं रोप लावलं. बोरसे होते, सुषमा होती. आप्पांनी पाण्याची बादली उचलली आणि माझ्या हातात दिली. "पहिलं पाणी तुम्ही घाला."

सगळ्यांच्या देखत, ज्या माणसाने झाड मारलं त्याच्या हातात त्यांनी बादली दिली. मी ती खाली ठेवली, पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. बोरसे फस्सकन हसले. आप्पा मात्र हसले नाहीत. ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते, मी काय सांगतो ते ऐकायला.

पाणी गोडं होतं.