लिंबाच्या रंगाची डबी

'पाचवा मजला' हा तीन जणांचा बँड होता आणि त्याला अकरा श्रोते होते. त्यातले चार नातेवाईक होते आणि एकाची घरी जायची वाट तिथूनच होती. सराव पाचव्या मजल्यावरच्या एका रिकाम्या खोलीत व्हायचा आणि त्या इमारतीला लिफ्ट नव्हती. ड्रम वर चढवून झाल्यावर दुसरं नाव शोधायचं त्राण कुणाच्याही अंगात उरलं नव्हतं, म्हणून बँडचं नाव तेच पडलं.

गायक दिवसा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर काचा बदलत "आता स्पष्ट दिसतंय, की मघाशी दिसत होतं?" असं विचारण्यात त्याचा दिवस जाई. गिटार त्याची मामेबहीण वाजवायची आणि न विचारता मत द्यायची. ड्रमवाला ड्रम वाजवायचा खरा, पण त्याचा जीव प्रसिद्धीत होता.

या बँडपाशी चार गाणी होती. पहिली तीन कुठल्याही बँडपाशी असतात तशीच होती. चौथं मात्र गायकानं चौदा महिने घासून-पुसून केलं होतं आणि ते आपल्या वडिलांनी ऐकावं, एवढंच त्याला हवं होतं. बाकी जगानं ऐकलं तर उत्तम, नाही ऐकलं तरी त्याची तक्रार नव्हती.

बाबा पत्रे कापायच्या कारखान्यात भांडारपाल होते. एकतीस वर्षं कानाशी पत्रा कापला गेलेला माणूस घरी आल्यावर घड्याळाची टिकटिकसुद्धा सहन करत नाही. "तुझं गाणं मी ऐकणार आहे," ते मुलाला म्हणायचे. "पण हॉलमध्ये, नीट खुर्चीवर बसून. येता-जाता ऐकायची गोष्ट नाही ती." यात मुलाचा मान होता, पण पंचाईतही होती. हॉल मिळायला श्रोते लागत होते आणि अकरात हॉल मिळत नव्हता.

ड्रमवाल्यानं फोनवर एक फुकट पुस्तिका मिळवली होती, 'होतकरू बँडसाठी परवडणारे एकोणचाळीस उपाय'. सराव थांबवून तो ती मोठ्यानं वाचायचा.

"यात गाणं कितवा उपाय आहे?" मामेबहिणीनं एकदा विचारलं.

ड्रमवाल्यानं खालपासून वरपर्यंत चाळून पाहिलं. "ते गृहीत धरलंय," तो म्हणाला.

उपाय क्रमवार अमलात आले. स्टिकर छापले, ते कशालाच चिकटेनात. एक तेवढा ड्रमवाल्याच्या आईच्या फ्रिजला चिकटला, तो मग निघेना. जुन्या बाजारातून बिल्ले बनवायचं हातयंत्र आणलं. त्यानं सत्तावीस बिल्ले काढले आणि मामेबहिणीचं एक नख काढलं. कापडी पिशव्यांचा रंग खांद्याला लागला. टी-शर्ट एकाच मापाचे आले आणि ते माप तिघांपैकी कुणाचंच नव्हतं. फोन समोर धरताच गाणं वाजेल असे चौकोनी कोड छापून खांबाखांबावर लावले. आठवड्याभरात एकाच माणसानं फोन धरला. तो वीज कार्यालयाचा होता आणि त्याला खांबावर कागद लावणाऱ्याचा पत्ता हवा होता.

घोडं इथं अडलेलं असताना बाबा एक दिवस कारखान्यातून दोन गोण्या घेऊन आले. गोण्यांत स्पंजाचे मऊ बोळे होते, यंत्रांजवळ काम करणाऱ्यांनी कानात घालायचे. वरून परिपत्रक आलं होतं की यापुढे नारिंगी बोळ्यांऐवजी हिरवे बोळे वापरावेत. शिल्लक नारिंगी बोळ्यांचं काय करावं याबाबत परिपत्रक गप्प होतं, आणि चांगला माल फेकून द्यायला भांडारपालाचा हात धजेना.

"शेजाऱ्यांना वाटा," बाबा म्हणाले. "सरावाच्या वेळी शिव्या घालतात ना तुम्हाला."

ड्रमवाल्यानं गोणीत कोपरापर्यंत हात घातला आणि तसाच ठेवला. "काका," तो हळूच म्हणाला, "हा चाळिसावा उपाय आहे."

डबीसाठी तीन बैठका झाल्या. त्यातली दीड बैठक रंगावर गेली. शेवटी लिंबाचा रंग मुक्रर झाला, तोही हिरवट नाही, पिकल्या लिंबाचा. झाकणावर बँडचं नाव आणि त्याखाली ओळ, 'कान जपा. आमच्यासाठी.' आत दोन बोळे आणि वेंधळ्या माणसासाठी तिसरा. याच बैठकांत चौथ्या गाण्याच्या शेवटच्या कडव्यावरही बोलायचं होतं, पण वेळ उरला नाही.

डबीचा फोटो गाण्यापेक्षा लांब गेला. पुढच्या कार्यक्रमाला चाळीस माणसं आली आणि अडतीस डब्या खपल्या. विकत घेतलेली वस्तू माणूस वापरून बघणारच, त्यात कुणाचा दोष नाही. दुसऱ्या गाण्यात गायकाला जाणवलं की सगळे आपल्याकडे फार मायेनं बघताहेत. मग त्याला त्यांच्या कानांतली नारिंगी टोकं दिसली.

"दादा, हे लोक ऐकत नाहीयेत," मामेबहीण गिटारच्या आडून म्हणाली.

"पण उठून गेलेत का?" ड्रमवाल्यानं विचारलं.

कुणी उठून गेलं नव्हतं. हे प्रथमच घडत होतं, त्यामुळे मामेबहीण पुढचं कडवं वाजवू लागली.

दुसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं की इतका संयमी, डोक्याला त्रास न देणारा बँड शहरात दुसरा नाही. महिनाभरात डबीनं घराघरांत शिरकाव केला. घोरणाऱ्या नवऱ्यांच्या बायकांनी ती घेतली, आणि त्यांच्या बोलण्याला कंटाळलेल्या नवऱ्यांनीही. कचेऱ्यांत बैठकीला जाताना लोक वही विसरायचे, डबी विसरत नसत. तरुण मंडळी ती दोरीला बांधून गळ्यात घालू लागली. एका वार्ताहरानं बँडची मुलाखत घेतली आणि बारा प्रश्न विचारले. त्यातले दहा डबीवर होते, एक ड्रमवाल्याच्या केसांवर, आणि शेवटचा, पुढची डबी कोणत्या रंगाची काढणार. गायक घरी येऊन जेवला नाही.

"अरे, हॉल मिळेल ना आता," मामेबहिणीनं त्याला समजावलं. "आतोबा खुर्चीवर बसतील. तुला तेच हवं होतं ना? मग लोकांच्या कानात काय आहे ते कशाला बघतोस?"

हे त्याला पटलं, आणि तिघे ध्वनी परवाना कक्षात गेले.

कक्षातल्या अधिकाऱ्यानं अर्ज दोनदा वाचला. "नावात मजला आहे," तो म्हणाला. "बांधकाम विभागाचा ना-हरकत दाखला जोडा." तो जोडून झाल्यावर त्यानं फाइल उघडली आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. या बँडविरुद्ध एकही तक्रार नव्हती. तक्रारीविना झालेला कार्यक्रम त्यानं नोकरीत पाहिला नव्हता. एक तर कार्यक्रम झालेच नसावेत, किंवा झालं असेल ते काहीतरी आदर्श असावं. पहिलं सिद्ध करायला फार फिरावं लागलं असतं, म्हणून त्यानं दुसरं मानलं.

पंधरवड्यात परिपत्रक निघालं. "असे निदर्शनास आले आहे की, सदर बँडच्या कार्यक्रमांबाबत आजतागायत एकही तक्रार प्राप्त झालेली नाही. सबब यापुढे प्रत्येक सांगीतिक कार्यक्रमात श्रोत्यांनी दोन्ही कानांत मान्यताप्राप्त बोळे धारण करणे बंधनकारक राहील. एकाच कानात बोळा असलेल्या इसमास अर्धा प्रवेशही देण्यात येणार नाही." मान्यताप्राप्त म्हणजे लिंबाच्या डबीतले. उद्घाटनाचा कार्यक्रम 'पाचवा मजला'चा, सहाशे खुर्च्यांच्या मोठ्या हॉलमध्ये, रविवारी दुपारी.

गायक धावत कक्षात गेला. "साहेब, सगळ्यांनी बोळे घातले तर गाणं ऐकणार कोण?"

अधिकाऱ्यानं अर्जाचा नमुना मागून-पुढून पाहिला. "तसा रकाना नाही," तो म्हणाला.

"निदान एका माणसाला सूट द्या. माझे वडील आहेत. त्यांनी अजून एकदाही माझं गाणं ऐकलेलं नाही."

"सूट आहे की," अधिकारी मऊ आवाजात म्हणाला. तो मनानं वाईट नव्हता. "कानाच्या डॉक्टरचा दाखला आणा. त्यांना काहीच ऐकू येत नाही असं लिहून आणलंत, की ते बोळ्यांशिवाय ऐकू शकतात."

गायक बाहेर आला.

रविवारी हॉल भरला. दारात स्वयंसेवक बॅटरी घेऊन प्रत्येकाच्या दोन्ही कानांत बघत होते. गाणं कधी संपलं ते श्रोत्यांना कळावं म्हणून रंगमंचावर हिरवा दिवा बसवला होता. दिवा लागला की टाळ्या, अशी सूचना प्रत्येक खुर्चीच्या पाठीवर डकवलेली होती. पहिल्या रांगेत परवाना अधिकारी आवाज मोजायचं यंत्र मांडीवर घेऊन बसला होता. तिसऱ्या रांगेत बाबा होते, इस्त्रीचा शर्ट घालून, ताठ.

तीन गाणी झाली, तीनदा दिवा लागला. चौथ्या गाण्याआधी गायकानं बाबांकडे पाहिलं. त्यांच्या कानांत बोळे अगदी सुरक्षेच्या तक्त्यावर दाखवतात तसे, शेवटपर्यंत बसवलेले होते. त्याला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. त्यानं डोळे मिटले, माइकला तोंड लावलं आणि आवाज न काढता नुसते ओठ हलवायला सुरुवात केली.

मामेबहिणीला एका ओळीत कळलं. तिनं तारांवरून बोटं उचलली आणि वरच्या वर फिरवत राहिली. ड्रमवाल्याच्या काड्या कातड्यापासून वीतभर अंतरावर नाचू लागल्या. सहाशे माणसं तल्लीन झाली होती. पाचव्या रांगेत एका गृहस्थानं डोळे टिपले. दिवा लागला आणि सगळा हॉल उभा राहिला. एवढ्या टाळ्या आधीच्या तिन्ही गाण्यांना मिळून पडल्या नव्हत्या.

"शून्याच्या जवळपास," अधिकारी रंगमंचामागे येऊन यंत्र दाखवत म्हणाला. त्याचा आवाज भरून आला होता. "ही पातळी सगळ्या बँडना सक्तीची करणार आहोत आम्ही. तुमच्या नावानं."

ड्रमवाल्यानं डब्यांचा विषय काढला. गायक मागच्या दारानं बाहेर पडला. दुपारचं ऊन पायऱ्यांवर पसरलं होतं आणि तिथं बाबा हातात डबी घेऊन उभे होते.

"चौथं गाणं ऐकलं," बाबा म्हणाले.

"बोळे घालून काय ऐकलंत, बाबा."

"काढले होते. त्या गाण्यापुरते. त्या बॅटरीवाल्याची पाठ वळली तेव्हा." बाबा जरा ओशाळले. एकतीस वर्षांत त्यांनी मोडलेला हा पहिला सुरक्षा नियम होता. "छान होतं. पंख्याचा आवाज थोडा जास्त होता. पुढच्या बाईंच्या श्वासाची शिट्टी वाजत होती. सगळं ऐकू आलं, तेवढं तुमचं गाणं नाही आलं. माझ्याच कानांत काहीतरी बिघडलं असेल. पत्र्यानं खाल्लं असेल नेमकं तेवढंच. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

गायक पायरीवर बसला.

"कान ठीक आहेत तुमचे," तो म्हणाला. "मी गायलोच नाही."

"का रे?"

"तुम्ही बोळे घातलेले दिसले."

"ते तिसऱ्या गाण्यापर्यंत," बाबा म्हणाले. मग तेही गुडघ्यावर हात ठेवत शेजारी बसले. "आता म्हण."

"इथं? परवाना लागेल."

"हॉल नाही, खुर्ची नाही, श्रोता नाही. मी बाप आहे तुझा. म्हण." बाबांनी डबी खिशात टाकली. "थांब. आधी सांग, गाणं कशावर आहे?"

दोन गोण्या, तीन बैठका, बारा प्रश्न, सहाशे खुर्च्या झाल्या होत्या, आणि हे गायकाला आजवर कुणीही विचारलं नव्हतं. त्यानं सांगितलं. मग गाणं म्हटलं, वाद्यांशिवाय, सुरुवातीला घोगऱ्या आवाजात आणि नंतर मोकळ्या. शेवटचं कडवं अजून जमलं नव्हतं, तेही म्हटलं. बाबांनी मध्येच चष्मा काढून पुसला. काच स्वच्छ होती, हे त्या धंद्यातल्या माणसाला लगेच दिसलं.

ते गाणं इथं द्यायचं ठरलं होतं, त्यासाठी जागाही राखून ठेवली होती. पण वाचक मंडळी, तुम्ही इथवर आलात, डबी कशी ठरली ते वाचलंत, आत तिसरा बोळा कुणासाठी तेही तुमच्या लक्षात राहिलं. गाणं कशावर आहे हे मात्र तुम्हीही विचारलं नाहीत. तसा रकाना नव्हता, असं म्हणाल तर म्हणा. बाबांना ते गाणं आता ठाऊक आहे. तुम्हाला डबीचा रंग ठाऊक आहे.